वाचकांचे प्रश्न : डोंगरातले सोने कसे शोधतात?

पर्वतप्रदेशातील खनिजशोधावर मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले. त्यानंतर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून सोन्याच्या शोधाविषयी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शेतात विहिरीचे काम चालू असताना चाळीसेक फुटांवर काळ्या पाषाणात एक पोकळी लागली. तिच्या आत पांढरे स्फटिक असून त्यांवर पिवळे, चकाकणारे बारीक कण चिकटलेले आहेत. गावातील काही जण ते सोनेच असल्याचे सांगतात. खात्री कशी करून घ्यावी? (एक शेतकरी, पाटण तालुका)

उत्तर : आपण वर्णन केलेली पोकळी आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये सर्रास आढळते. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे त्यात अडकून राहतात आणि पुढे दीर्घ काळ झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीचे स्फटिक वाढतात. अशा पांढऱ्या स्फटिकांवर दिसणारी पिवळी झाक बहुतेक वेळा लोहाच्या गंजाची असते. धातूसारखी खरी चकाकी असेल, तर ते कण पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधक यांच्या संयुगाचे, असण्याची शक्यता सर्वांत अधिक आहे.

खात्रीसाठी एक कण टाचणीच्या टोकाने दाबून पाहावा. सोने मऊ असल्याने ते दबते, त्यावर खूण उमटते आणि हलक्या हातोडीने ठोकल्यास ते पसरते. पायराइट मात्र पोलादी सुरीलाही दाद देत नाही आणि ठेचल्यावर त्याची भुकटी होते. दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. फरशीच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्यावी आणि तिच्यावर तो कण घासावा. सोन्याची रेघ पिवळीच उमटते, पायराइटची हिरवट काळी उमटते. हे कण चुलीवर किंवा गॅसवर मात्र तापवू नयेत, कारण त्यांतून गंधकाचा आणि काही वेळा आर्सेनिकचाही विषारी धूर निघतो. स्फटिकांचा तो तुकडा न फोडता जपून ठेवावा आणि पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात दाखवावा. सोने निघाले नाही तरी चांगल्या झिओलाइटचा नमुना विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी मोलाचा असतो.

प्रश्न : इंडोनेशिया, जपान, फिलिपिन्स या देशांत ज्वालामुखींच्या डोंगरांत सोन्याच्या खाणी आहेत असे वाचनात आले. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासूनच बनलेला आहे. मग येथे सोने का सापडत नाही? वर्गात मुलांनी हा प्रश्न विचारला आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. (एक शिक्षिका, वाई)

उत्तर : मुलांनी अगदी नेमका प्रश्न विचारला आहे, आणि सोन्याच्या शोधाची सुरुवात खरोखर याच प्रश्नापासून होते. सोने पृथ्वीच्या कवचात जवळजवळ सर्वत्र असते. सरासरीने एका टन खडकात ते काही मिलिग्रॅम भरते. आपल्या बेसॉल्टमध्येही साधारण तितकेच असते. उघड्या खाणीतून काढणे परवडावे यासाठी मात्र एका टनात साधारण एक ग्रॅमच्या आसपास सोने लागते, म्हणजे निसर्गाने ते कित्येक शे पटींनी एकत्र आणलेले असावे लागते. म्हणूनच भूशास्त्रज्ञ कोणत्याही डोंगराकडे पाहताना हे एकत्र आणण्याचे काम तेथे कोणी आणि कसे केले असेल, याचा विचार करतो.

हे काम मुख्यतः गरम पाणी करते. जपान आणि इंडोनेशिया येथे समुद्राचा तळ जमिनीखाली सरकत जातो, त्याच्याबरोबर पाणी खोल जाते, आणि त्यातून तयार होणारा शिलारस पाण्याने व गंधकाने समृद्ध असतो. तो वर येऊन निवताना त्यातून गरम द्राव सुटतात, ते गंधकाच्या साहाय्याने सोने विरघळवून भेगांतून वर चढतात, आणि दाब व तापमान उतरले की भेगांच्या कडेला गारगोटीबरोबर सोने सोडून देतात. सह्याद्रीचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या प्रावरणातून आला. त्यात पाणी फार कमी होते, आणि तो लांबलचक भेगांतून वाहत येऊन थरावर थर असा आडवा पसरला. पुढे या थरांमधून गरम पाणी खेळले खरे, पाटणच्या वाचकांच्या विहिरीतील स्फटिक त्याचेच आहेत. परंतु ते तुलनेने कमी तापमानाचे होते आणि सोने गोळा करून एका अरुंद वाटेने वर आणील अशी रचना येथे नव्हती.

मुलांना येथे आणखी एक गोष्ट जरूर सांगावी, कारण तिच्याशिवाय उत्तर अपुरे राहते. कर्नाटकातील कोलार आणि हट्टी येथील सोनेही मुळात बेसॉल्टमध्येच आहे! फरक असा की तो बेसॉल्ट सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा आहे, त्याला घड्या पडल्या, तो खोल दाबला जाऊन तापला, त्यात लांबच लांब कातर-पट्टे, म्हणजे खडक एकमेकांवर घासून चिरडले गेलेले पट्टे, तयार झाले आणि त्या पट्ट्यांतून सोने वाहणारे द्राव फिरले. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, तोवर ती तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली होती आणि तिच्यातून सुमारे ८०० टन सोने निघाले होते. शिवाय कोलार काही उत्तुंग पर्वतात नाही, ते पठारावर आहे. पर्वतांचे महत्त्व इतकेच, की तेथे धूप होऊन एके काळी खोल असलेले खडक उघडे पडतात आणि शोधणाऱ्याला ते पाहता येतात.

आपल्या बेसॉल्टच्या खालीही जुने खडक आहेत. कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे वेधनछिद्र, म्हणजे यंत्राने खडकात पाडलेले अरुंद भोक, पूर्ण करण्यात आले, त्यात साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत बेसॉल्ट आणि त्याखाली ग्रॅनाइटी खडक लागले. कर्नाटकातील धारवाड खडकांचे, म्हणजे कोलार-हट्टीसारख्या अतिप्राचीन खडकांचे, पट्टे उत्तरेकडे येत येत या लाव्ह्याखाली जातात, त्यामुळे आपल्या पायाखाली खोलवर एखादा सुवर्णधारी पट्टा असणे अशक्य नाही. परंतु इतक्या जाड आवरणाखाली तो नेमका कोठे आहे हे सांगणारी कोणतीही खूण पृष्ठभागावर येत नाही, आणि खूण नसलेल्या जागी कोणी शोध सुरू करत नाही. महाराष्ट्रात सोन्यासाठी सर्वेक्षण झाले ते विदर्भात, साकोली पट्ट्यासारख्या भागात, कारण तेथे जुने खडक उघडे आहेत.

प्रश्न : माझा पुतण्या भूशास्त्रात एम.एस्सी. झाला आणि एका परदेशी कंपनीतर्फे किरगिझस्तानातील तिआन शान पर्वतात सोन्याच्या शोधावर काम करतो. दोन उन्हाळे झाले. फोन केला की, "काका, अजून ओढे आणि मातीच तपासतोय," असे सांगतो. घरचे काळजीत आहेत की हे काम खरोखर काही आहे की नाही. या कामाचे स्वरूप कसे असते? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपण निर्धास्त असावे. आपला पुतण्या जे सांगतो ते शोधाच्या पहिल्या टप्प्याचे अचूक वर्णन आहे, आणि हा टप्पा घाईने उरकणाऱ्या कंपन्याच पुढे पैसा बुडवतात.

काम कागदांपासून सुरू होते. जुने भूशास्त्रीय नकाशे, सोव्हिएत काळातील सर्वेक्षणांचे अहवाल आणि उपग्रहाची चित्रे एकत्र ठेवून, मोठे प्रस्तरभंग, म्हणजे खडक तुटून सरकल्याच्या रेषा, कोठून जातात आणि गरम द्रावांनी रंग पालटलेले खडक कोठे दिसतात, हे पाहिले जाते. परवान्याचे क्षेत्र पुष्कळदा काही शे चौरस किलोमीटरांचे असते. इतक्या डोंगराळ मुलखात प्रत्येक कड्यावर चढणे शक्य नसते, म्हणून पहिली पाहणी पाण्याकडून करून घेतात. डोंगरावरून झिजून आलेले सर्व काही शेवटी ओढ्यात उतरते, त्यामुळे एका ओढ्याचा गाळ तपासला की त्याच्या साऱ्या पाणलोटाची चाचणी होते.

येथे नमुना कोठून घ्यावा याला फार महत्त्व असते आणि आपण कराडचे असल्यामुळे ते चटकन ध्यानात येईल. प्रीतिसंगमाच्या खाली गाळ उचलला आणि त्यात सोने मिळाले, तर ते कृष्णेने आणले की कोयनेने हे सांगता येणार नाही. संगमाच्या वर दोन्ही नद्यांत वेगवेगळे नमुने घेतले तरच ते कळेल. आपला पुतण्या तिआन शानमध्ये प्रत्येक लहानमोठ्या संगमाशी हेच करत असणार. ज्या फाट्यात सोने दिसेल त्या फाट्याने वर जायचे, पुढचा संगम लागला की पुन्हा दोन नमुने घ्यायचे, आणि अशा रीतीने मूळ जागेचा घेर आवळत न्यायचा. नमुनाही ओढ्यातून वाटेल तेथून उचलत नाहीत. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड असल्याने ते मोठ्या धोंड्यांच्या खालच्या अंगाला आणि तळाच्या कातळातील खाचांत अडकते. गाळ चाळून, पसरट परातीत पाण्याने हेलकावत धुतला की शेवटी काळी जड वाळू आणि नशिबाने सोन्याचे दोनचार कण उरतात. सोनारांच्या दुकानातील केर धुणाऱ्या झारेकऱ्यांचे कौशल्य याच जातीचे आहे. भूशास्त्रज्ञ ते कण भिंगाखाली नीट पाहतो. कडा खरखरीत आणि टोकेरी असतील, कणाला गारगोटीचा तुकडा चिकटलेला असेल, तर मूळ शिरा, म्हणजे सोने व गारगोटीने भरलेली खडकातील भेग, जवळ आहे. कण गोलसर आणि चेपलेले असतील, तर ते दुरून वाहत आले आहेत.

ओढ्यांनी दाखवलेल्या उतारावर मग मातीचे नमुने घेतले जातात. दोरी धरल्यासारख्या सरळ ओळींवर, ठरावीक अंतराने, वरचा पालापाचोळ्याचा थर बाजूला सारून हातभर खोलीवरची माती पिशवीत भरायची, पिशवीवर क्रमांक घालायचा आणि वहीत त्या जागेचे वर्णन लिहायचे, असे हे कष्टाचे व वरवर पाहता कंटाळवाणे काम असते. त्या मातीत सोने किती पीपीबी आहे हे प्रयोगशाळा सांगते. एक पीपीबी म्हणजे एका टनात एक मिलिग्रॅम. सभोवती दोनतीन पीपीबी असताना एका पट्ट्यात सलग पन्नास-साठ पीपीबी आले, तर तो पट्टा लक्ष देण्याजोगा ठरतो. सोन्याबरोबर आर्सेनिक आणि अँटिमनीही मोजतात, कारण ही मूलद्रव्ये त्याच द्रावांबरोबर येतात, सोन्याच्या भोवती अधिक रुंद पसरतात आणि म्हणून लवकर सापडतात.

डोंगरात एक अडचण अशी, की उतारावरची माती हळूहळू खाली सरकत असते. मातीत सोने जेथे दिसते त्याच्या बरोबर खाली शिरा नसते, ती उताराने वर कोठेतरी असते. तिआन शानसारख्या ठिकाणी त्यात हिमनद्यांची भर पडते. हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशीत सोन्याचा सुंदर तुकडा मिळाला, तरी तो कोणत्या शिखरावरून आला हे हिमनदीची जुनी वाट शोधल्यावाचून सांगता येत नाही. अशा राशीवर अंदाजाने वेधनयंत्र उभे करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

यानंतर शिरेला आडवे चर खणून, उघड्या पडलेल्या कातळावर सलग पट्टी कोरून, साधारण मीटरमीटरचे नमुने घेतात. हे सारे जुळून आले तर शेवटी वेधन होते, म्हणजे यंत्राने खोल छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढतात. उंचावर बर्फ नसलेले महिने मोजकेच असतात, उतार फोडून यंत्रासाठी जागा करावी लागते, पाणी वर चढवावे लागते. म्हणून वेधनाचा प्रत्येक मीटर महाग पडतो आणि त्याआधी जितकी जागा वगळता येईल तितकी वगळणे शहाणपणाचे ठरते. आपल्या पुतण्याने दोन उन्हाळ्यांत बहुतांश क्षेत्र निरुपयोगी ठरवले असेल, तर त्याने कंपनीला मोठे काम करून दिले आहे. त्याच पर्वतरांगेत, सुमारे ४,००० मीटर उंचीवर, कुमतोरचा प्रसिद्ध साठा १९७८ मध्ये सापडला. तेथून उत्पादन सुरू झाले ते १९९७ मध्ये. घरच्यांना हे उदाहरण जरूर सांगावे.

प्रश्न : आमचे घराणे तीन पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात आहे. आम्ही सोन्याचा टंच (शुद्धता) कसोटीवर किंवा क्ष-किरण यंत्रावर काही मिनिटांत सांगतो. मग दगडातले सोने मोजायला प्रयोगशाळेला कित्येक आठवडे का लागतात? आणि एकाच दगडाचे दोन वेगळे आकडे येतात असे ऐकले, ते कसे? (एक गलाई व्यावसायिक, विटा)

उत्तर : आपला प्रश्न वाचून विशेष आनंद झाला, कारण दगडातील सोने मोजण्याची जगभर मान्य असलेली पद्धत ही आपल्याच धंद्याची भावंड आहे. आपण ज्या दागिन्याचा टंच काढता त्यात हजारात ९१६ भाग सोने असते. खडकात एका टनाला एक ग्रॅम, म्हणजे दहा लाखांत एक भाग असते. क्ष-किरण यंत्राला इतके विरळ सोने विश्वासाने मोजता येत नाही, म्हणून ते आधी गोळा करावे लागते.

दोनतीन किलोचा नमुना वाळवून भरडतात, त्याचे नीट वाटे करून एक भाग मैद्याहून बारीक दळतात आणि त्यातून बहुधा ३० किंवा ५० ग्रॅम भुकटी घेतात. तिच्यात मुरदाडशिंग (शिशाचा ऑक्साइड), सोडा, टाकणखार आणि थोडे पीठ मिसळून मुशीत सुमारे १,००० ते १,१०० अंशांवर वितळवतात. पिठातील कार्बनमुळे मुरदाडशिंगाचे शिसे होते, त्या शिशाचे थेंब रसातून खाली उतरताना सोने आणि चांदी वेचून घेतात, आणि दगडाचा सारा मळ काचेसारखा वर राहतो. पुढे शिशाचा तो गोळा सच्छिद्र वाटीत तापवला की शिसे वाटीत मुरते आणि डोळ्याला जेमतेम दिसणारा चांदी-सोन्याचा मणी उरतो. चांदी तेजाबात विरघळवायची आणि राहिलेले सोने मोजायचे. यातील बहुतेक पायऱ्या आपल्याला हाताने ठाऊक असतील. वेळ लागतो तो एकेका नमुन्याला नव्हे, हजारो नमुन्यांच्या रांगेला आणि दुर्गम डोंगरातून ते खाली आणण्याला.

दोन आकड्यांचे कारण हिशेबाने पाहू. एका टनात एक ग्रॅम सोने असलेल्या खडकाची ३० ग्रॅम भुकटी घेतली, तर तिच्यात सोने येते ३० मायक्रोग्रॅम. एक दशांश मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा गोल कण सुमारे १० मायक्रोग्रॅम भरतो. म्हणजे त्या साऱ्या भुकटीत असे तीनच कण असायचे! एका वाट्यात सहा कण आले तर प्रयोगशाळा दोन ग्रॅम सांगेल, दुसऱ्यात एकही आला नाही तर शून्य सांगेल, आणि दोन्ही वेळा तिचे काम चोख असेल. सोने मऊ असल्याने ते दळताना बारीक होण्याऐवजी चेपून पसरते, त्यामुळे ही अडचण आणखी वाढते. यावर उपाय म्हणजे मोठा नमुना घेणे, भुकटी चाळून जाड कण वेगळे मोजणे, आणि एका आकड्यावर विसंबून न राहणे.

म्हणूनच चांगल्या शोधपथकात दर वीसेक नमुन्यांमागे काही पिशव्या मुद्दाम घातलेल्या असतात. एकीत सोने नाही अशी खात्री असलेला दगड, दुसरीत आधीच मोजलेले प्रमाणित मिश्रण, तिसरीत आधीच्याच नमुन्याचा दुसरा वाटा. प्रयोगशाळेला यांतील कोणती पिशवी कोणती हे कळू देत नाहीत. बिनसोन्याच्या दगडात सोने दाखवले गेले, तर तो सगळा गट पुन्हा तपासला जातो.

आणखी एक बारकावा आपल्याला पटेल. नमुने घेणाऱ्याने अंगठी, साखळी, कडे काढून ठेवायचे असतात. अंगठी घासून ३० मायक्रोग्रॅम सोने दोन किलो मातीत मिसळले, तर त्या मातीचा आकडा १५ पीपीबीने चढतो आणि जेथे काहीच नाही तेथे सोन्याचा भास होतो. गलाईच्या कामावरून थेट उठून कोणी मातीचे नमुने भरायला गेला, तर त्याच्या हातापायांवरची धूळ सबंध डोंगर सोन्याचा करून टाकील.

प्रश्न : निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतील काही भाग सोन्याचा शोध घेणाऱ्या एका परदेशी कंपनीत गुंतवावा, असा सल्ला ओळखीतील एका गृहस्थांनी दिला. "४० मीटर लांबीचे सोने लागले" असे कंपनीचे पत्रक त्यांनी दाखवले. याचा अर्थ कसा लावावा? (एक निवृत्त कर्मचारी, सांगली)

उत्तर : कोणत्याही एका कंपनीविषयी मी मत देणार नाही, परंतु असे पत्रक वाचण्याची रीत सांगतो. ४० मीटर ही वेधनछिद्राने खडकात कापलेली लांबी आहे. शिरा तिरपी किंवा उभी असते. छिद्र तिला आडवे छेदून गेले तर जाडी खरी कळते, आणि छिद्र शिरेच्या अंगानेच खाली गेले तर दोन मीटर जाडीची शिरासुद्धा ४० मीटर भरते. म्हणून पत्रकात खरी जाडी दिली आहे का, ते पाहावे. त्या ४० मीटरमध्ये सरासरी एका टनाला किती ग्रॅम आहे, आणि ती सरासरी एखाद्या मीटरच्या अतिश्रीमंत तुकड्याने तर फुगलेली नाही ना, हे पाहावे. बाजूच्या छिद्रांत काय लागले, याची माहिती पत्रकात नसेल, तर ती मागावी. "निवडक नमुन्यात" इतके इतके ग्रॅम आढळले असे लिहिले असेल, तर भूशास्त्रज्ञाने सर्वांत चमकदार दगड निवडून पाठवला होता एवढाच त्याचा अर्थ.

या क्षेत्राचा इतिहास आपण अवश्य जाणून घ्यावा. १८८० च्या सुमारास, आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे, वायनाड आणि निलगिरीतील देवाला-पंडलूर भागात सोने असल्याच्या बातम्यांवर लंडनमध्ये तीसहून अधिक कंपन्या उभ्या राहिल्या. तेथे सोन्याच्या शिरा खरोखर होत्या, पण नीट नमुने घेण्याआधीच यंत्रे आणि बंगले उभे राहिले, आणि दगड भरडल्यावर हाती आलेले सोने इतके अल्प होते की काही वर्षांतच जवळजवळ सारे बंद पडले. दुसरे उदाहरण ब्रे-एक्स या कॅनडातील कंपनीचे आहे. बोर्निओतील बुसांग येथे सुमारे ७ कोटी औंस, म्हणजे २,००० टनांहून अधिक, सोने असल्याचे तिने जाहीर केले. तपासणीसाठी दुसऱ्या कंपनीने शेजारी छिद्रे घेतली तेव्हा सोने नगण्य निघाले, आणि १९९७ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांनी नमुन्यांत बाहेरून सोने मिसळल्याचे सिद्ध केले. वेधनातून निघालेल्या दगडाच्या दांड्याचा अर्धा भाग कापून जपून ठेवण्याची रीत आहे. तेथे तो ठेवलेलाच नव्हता, त्यामुळे फेरतपासणीला आधारच उरला नव्हता. भिंगाखाली त्या सोन्याचे कण नदीतल्या सोन्यासारखे गोल दिसत होते, खडकातले नव्हे. त्या कंपनीच्या शेअरची किंमत शून्यावर आली. पुढे २००१ पासून कॅनडात साठ्यांची माहिती जाहीर करण्यासाठी कडक नियम लागू झाले, तरी नियम हे शोधाचे अपयश टाळू शकत नाहीत.

प्राथमिक टप्प्यातील शेकडो जागांपैकी क्वचितच एखादीची खाण होते. निवृत्तीचा पैसा परत लागणार आहे, आणि तो अशा टप्प्यावर घालू नये असेच माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमचे गाव चांदोलीच्या जंगलालगत आहे. काही माणसे येऊन "तुमच्या डोंगरात सोने आहे, सर्वेक्षणाचा खर्च गावाने वाटून घ्या, पुढे खाणीत हिस्सा मिळेल" असे सांगून गेली. जमीन आमची असली तर सोनेही आमचे होते का? (काही ग्रामस्थ, शिराळा तालुका)

उत्तर : कृपया कोणालाही पैसे देऊ नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीतील खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे राखलेला आहे. सोने हे मुरूम किंवा वाळूसारखे गौण खनिज नाही. त्याचा शोध आणि खाणकाम हे खाणी व खनिजे (विकास आणि नियमन) अधिनियम, १९५७ खाली येते. २०१५ पासून असे हक्क लिलावाने दिले जातात, आणि २०२३ च्या दुरुस्तीने सोन्यासह काही निवडक खनिजांसाठी शोधाचा वेगळा परवाना आला, तोही लिलावानेच मिळतो. परवानाधारकाला जमिनीत येण्याचा अधिकार कायद्याने मिळतो, परंतु झालेल्या नुकसानीची भरपाई त्याने द्यायची असते. शोधाचा खर्च गावाने वाटून द्यावा अशी तरतूद या कायद्यात नाही.

आपल्या परिसराबाबत तर शंकेलाही जागा नाही. चांदोली हे राष्ट्रीय उद्यान आहे, कोयना अभयारण्यासह ते २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाईच्या शिक्षिकांना दिलेल्या उत्तरात म्हटल्याप्रमाणे आपल्या डोंगरांतील बेसॉल्टमध्ये सोन्याचा साठा असण्याचे भूशास्त्रीय कारणही दिसत नाही. ती माणसे जर गुप्तधनाविषयी बोलत असतील, तर तो विषय निराळ्या, १८७८ च्या कायद्याचा आहे, आणि तेथेही सापडलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते.

ती माणसे पुन्हा आली तर त्यांच्याकडे परवान्याची प्रत आणि ओळखपत्र मागावे, त्यांची नावे व वाहनाचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि ग्रामपंचायतीच्या पत्रासह सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातील जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी. परवाना खरा असेल तर त्याची नोंद तेथे मिळेल. कोणी आधीच पैसे दिले असतील, तर पावती किंवा मोबाइलवरील व्यवहाराची नोंद जपून ठेवून शिराळा पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.